फ्यूएल फिल्टर आणि पंप घरी बदलायचाय: पेट्रोल कसं हाताळावं?

पाना_बारा
१४ वर्षं जुनी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) पेट्रोल गाडी. फिल्टर टाकीजवळ, खालच्या बाजूला लाइनमध्ये आहे. पंप टाकीच्या आत, मागच्या सीटखालून हात पोचतो. दोन्ही बदलायचे आहेत. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड ही कामं जमतात, पेट्रोलच्या लाइनला मात्र अजून हात लावलेला नाही. जागा दोनच: इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग किंवा मागचं उघडं अंगण. टाकीत साधारण २० लिटर पेट्रोल असेल. लाइनमधला दाब कसा काढायचा, पेट्रोल कशात काढायचं, जवळ काय ठेवायचं? जाणकारांनी नीट सांगावं.

वंगण
आधी जागा ठरवा, पाने-पकडी नंतर. स्टिल्टमध्ये अजिबात नको. अंगणच.

कारण सांगतो. पेट्रोल पेटतं म्हणतो तेव्हा पेटते ती त्याची वाफ. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वर वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत, अगदी महाबळेश्वरच्या थंडीतही, उघड्या पेट्रोलवर पेटण्याजोगी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी उताराकडे वाहते. हवेत तिचं प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगी पुरते.

आता हिशेब करा. १ लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं तर साधारण १८० लिटर वाफ होते. ती १.४ टक्क्यांपर्यंत पातळ झाली तर सुमारे १३ घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. १० बाय १८ फुटांच्या बंद गॅरेजमध्ये याचा अर्थ जमिनीलगत अडीच फुटांचा थर. गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाचं डोकं त्या थरातच असतं. सगळं पेट्रोल इतकं सारखं पसरत नाही हे खरं, पण आकड्यावरून अंदाज येतो. फिल्टर सोडताना ५०-१०० मिलि सांडणं अगदी सहज होतं, आणि तेवढ्यानेही एक घनमीटर भरतो.

स्टिल्टमध्ये काय काय असतं ते बघा: मीटर रूम, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, लिफ्टचा खड्डा, पावसाळी पाण्याची गटारं, कोणाचा तरी इन्व्हर्टर, ई-स्कूटरचा चार्जर. पाण्याचा पंप टाइमरवर आपोआप चालू होतो, त्या स्टार्टरच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. लिफ्टचा खड्डा ही तर वाफ साठायची सर्वांत सोयीची जागा. तिथे साठलेली वाफ तुम्ही काम आवरून वर गेल्यावरही राहते.

अंगणातसुद्धा एक चक्कर मारा. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का आणि त्याची खिडकी किंवा जाळी अंगणाच्या बाजूला आहे का? देवघरात समई, निरांजन? तुळशीपाशी संध्याकाळी दिवा लागतो, म्हणून काम सकाळी घ्या आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शेजारी कोणी पाणी तापवायचा बंब पेटवत असेल तर त्यांनाही. डास मारायची रॅकेट ही मुद्दाम ठिणगी पाडणारी वस्तू आहे, ती गाडीजवळ नको.

चौथा_गिअर
वंगण यांच्याशी पूर्ण सहमत. आता दाबाचं. तुमच्या प्रकारच्या गाडीत लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार (हवेच्या दाबाच्या ३-४ पट) दाब असतो आणि गाडी बंद केल्यावर तो तासन्‌तास टिकू शकतो, कारण पंपात परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. तसाच पाइप सोडलात तर पेट्रोल गळत नाही, फवारा उडतो, तोही नेमका तोंडावर. फवारा सांडलेल्या पेट्रोलपेक्षा फार वाईट, कारण बारीक थेंबांची वाफ तत्काळ होते.

क्रम असा:

१. टाकीचं झाकण उघडून आतला वाफेचा दाब सोडा आणि परत लावा.
२. फ्यूज बॉक्समधून पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. कुठला, ते झाकणाच्या आतल्या तक्त्यावर असतं.
३. गाडी चालू करा. लाइनमधलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडेल. मग एकदा २-३ सेकंद सेल्फ मारा.
४. स्विच ऑफ, किल्ली खिशात, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून टेपने गुंडाळून बाजूला.
५. इंजिन आणि सायलेन्सर हाताला गार लागेपर्यंत थांबा. गाडी रात्रभर उभी असेल तर फार वेळ लागत नाही, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) लवकर तापतो आणि सावकाश निवतो.

बॅटरीची तार पेट्रोल उघडण्याच्या आधी काढायची, हे महत्त्वाचं. बरेच जण आधी पाइप सोडतात आणि पेट्रोल गळायला लागल्यावर बॅटरीकडे धावतात. टर्मिनल सुटताना ठिणगी पडते आणि तेव्हा हवेत वाफ असते. काम संपल्यावरही उलट तेच: सांडलेलं पुसून, वाळून, वास पूर्ण गेल्यावरच तार जोडायची.

एवढं करूनही फिल्टरमध्ये पेट्रोल असतंच. जोडाभोवती जाड सुती फडकं गुंडाळा, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, चष्मा लावा, मग सोडा. प्लास्टिकचा क्विक कनेक्टर असेल तर दोन्ही बाजूंचे कान दाबून आधी पाइप आत ढकलायचा, मग बाहेर ओढायचा. मातीने जाम झालेला असतो, म्हणून आधी ब्रश आणि हवा मारून साफ करा. पकडीने पिळला की कान तुटतो आणि मग पूर्ण पाइप बदलावा लागतो. बोल्टवाला जोड असेल तर दोन्ही बाजूंचे वायसर नवीनच टाका. जुना चपटा झालेला वायसर परत दाबला की दोन दिवसांनी पाझरतो.

आणि टाकीकडचं तोंड लगेच बुचाने बंद करा. पाइपाचं उघडं टोक टाकीतल्या पातळीच्या खाली असेल तर एकदा धार लागली की सायफनने टाकी रिकामी होत राहते. २० लिटर असताना हे नक्कीच होऊ शकतं. म्हणून काम काढण्याआधी गाडी चालवून पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणा. पेट्रोल काढण्यापेक्षा जाळणं केव्हाही सुरक्षित.

तेलकट_बाही
शेवटच्या वाक्याला +१. घरच्या कामातला निम्मा धोका पेट्रोल काढण्या-ओतण्यात असतो. पाच-सहा लिटर उरेपर्यंत गाडी वापरली की तो प्रश्नच मिटतो.

घाटरस्ता
गाडी जॅकवर उचलून खाली जायचं तर जॅक स्टँड लावल्याशिवाय नको, हे पेट्रोलशी संबंधित नसलं तरी लिहितो. आणि पेट्रोलशी संबंधित असं की स्टँड, ट्रॉली जॅक, हँडल हे सगळं आधी लावून घ्या. वाफ असताना फरशीवरून लोखंड ओढायचं नाही.

उजेडासाठी लांब वायरचा होल्डर-बल्ब गाडीखाली नेऊ नका. गरम काचेवर पेट्रोलचा एक थेंब पडला की ती फुटते आणि आतली तार उघडी पडते. डोक्याला बांधायचा सेलवरचा एलईडी टॉर्च घ्या आणि तो काम सुरू व्हायच्या आधी लावा. कुठलंही बटण वाफेत दाबायचं नाही. टेबल फॅन लावून वाफ घालवू म्हणणारेही भेटतात. साध्या पंख्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडतेच. वाऱ्याची दिशा बघून गाडी उभी करा, तेवढं पुरे.

पाना_बारा
धन्यवाद मंडळी. अंगण नक्की. पेट्रोल पाव टाकीखाली आणतो. तरी पंप काढताना थोडं काढावं लागलं तर कशात काढायचं? घरी पाण्याचे पाच लिटरचे कॅन आहेत.

कायदा_आणि_कॅन
पाण्याचा कॅन नको. ते प्लास्टिक पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं, तळ मऊ पडतो, झाकण वाफ धरत नाही, आणि घरात कोणी पाणी समजून उचलण्याची भीती वेगळीच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, ते याच कारणासाठी.

कायद्याचंही बघा. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे पेट्रोल हे वर्ग ‘अ’ मध्ये येतं, म्हणजे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात: काच किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. घरच्या कामाला १० किंवा २० लिटरचा स्क्रूच्या झाकणाचा पत्र्याचा जेरीकॅन बरोबर.

काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पहाटे २० अंशांना भरलेले २० लिटर दुपारी नागपूरच्या ४५ अंशांत जवळजवळ अर्धा लिटर वाढतात. वर लिटरभर जागा मोकळी हवी. कॅन सावलीत, घराबाहेर, कुलपात. गाडीच्या डिकीत नको, जिन्याखाली तर नकोच.

ओतताना कॅन जमिनीवर ठेवा. सीटवर, डिकीतल्या मॅटवर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवून भरला की वाहत्या पेट्रोलने तयार झालेली स्थिर वीज जमिनीत जायला वाट राहत नाही. धातूचं नरसाळं कॅनच्या तोंडाला टेकलेलं असू द्या, धार बारीक ठेवा, उंचावरून सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत मराठवाडा-विदर्भात हवा कोरडी असते तेव्हा याला फार जपा. गाडीच्या सीटवरून घसरत उतरलात की अंगावर वीज चढते, म्हणून टाकीकडे हात नेण्याआधी दाराच्या उघड्या धातूला, पेट्रोलपासून लांब, एकदा हात लावायचा. कपडे सुती. नायलॉनचं जाकीट, लोकरीचा स्वेटर काढून ठेवा.

वंगण
काढायचं कसं तेही सांगायला हवं. तोंडाने नळी ओढणं बंद करा, हे प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावं असं वाटतं. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेलं घातक. अगदी थोडं जरी श्वासनलिकेत उतरलं तरी फुप्फुसाला रासायनिक सूज येते, आणि खोकला-दम काही तासांनी वाढतो. कोणी गिळलंच तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. मीठ-पाणी, ताक, दूध देत बसू नका, सरळ दवाखाना.

हाताने दाबायचा सायफन पंप स्वस्त मिळतो, तो घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत भरायच्या नळीत झडप असते आणि नळी आत जात नाही. जबरदस्ती केली तर झडप मोडते. अशा वेळी टाकीत पंप बसतो त्या तोंडातूनच काढायचं.

कार्ब_जेट
इतकी काळजी वाचून थोडं आश्चर्य वाटलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजांत चेन, कार्बोरेटर, बेअरिंग सगळं पेट्रोलमध्येच धुतात, बादली उघडी असते आणि बाजूला चहाही चालू असतो. काही होत नाही. पेट्रोलने मळ जसा निघतो तसा दुसऱ्या कशाने निघत नाही.

वंगण
कार्ब जेट, मळ निघतो हे खरं. पण ‘काही होत नाही’ हे प्रमाणाचं आहे. वाफ १.४ टक्क्यांच्या खाली असेल तोवर काही होत नाही. वारा पडला, शटर अर्धं खाली ओढलं, बादलीत पेट्रोल थोडं जास्त झालं, की त्याच जागी तीच बादली वेगळी वागते. वाफ दिसत नसल्याने आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळायला मार्ग नाही, आणि वास तर कितीतरी आधीपासून येत असतो व नाकाला सवय होते.

दुसरं म्हणजे बेंझिन. बीएस-६ पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत असतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं झालेलं आहे. ते श्वासातून जातंच, कातडीतूनही थोडं जातं. रोज उघड्या हाताने पेट्रोलमध्ये भाग धुणाऱ्या मुलांच्या हातांकडे बघा, कातडी पांढरी, भेगाळलेली असते. त्यांची काळजी वाटते म्हणून इतकं लिहितोय.

घरी भाग धुवायला डिझेल वापरा. त्याचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो, म्हणून सावलीत, ज्वाळेपासून लांब ते खूपच बरं. चेनसाठी डिझेल आणि ताठ ब्रश पुरतो, शेवटी साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं. कार्बोरेटरसाठी स्प्रेचा क्लीनर मिळतो, तोही ज्वलनशीलच आहे, उघड्यावर वापरा. हातमोजे नायट्राइलचे. साधे पातळ रबरी मोजे पेट्रोलने फुगतात आणि पेट्रोल आत धरून ठेवतात, ते न घातलेले बरे.

चौथा_गिअर
कार्बोरेटरवरून आठवलं. जुनी मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी असलेल्यांसाठी: एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा, ही पद्धत सोडा. टायमिंग थोडं जरी चुकलेलं असेल किंवा इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर बॅकफायर होऊन ज्वाला उलटी वर येते, आणि ओतणाऱ्याच्या हातात पेट्रोलची बाटली असते. फ्लोट चेंबर भरायला हातपंपाची दांडी मारा, नाहीतर १०-१० सेकंद सेल्फ मारून मध्ये मिनिटभर थांबा. बोनेटला उलटी बाटली टांगून त्यातून नळीने पेट्रोल देणं हाही तोच प्रकार. नळी निसटली की सगळी बाटली गरम एक्झॉस्टवर रिकामी होते.

सीटखालचा_पंप
पंपाचं काम फिल्टरपेक्षा नाजूक, कारण वाफ केबिनमध्ये भरते. चारही दारं आणि डिकी उघडी. केबिनचा दिवा दार उघडलं की लागतो, पण बॅटरी काढलेली असल्याने तो प्रश्न नाही. याही कारणासाठी बॅटरी आधी.

सीट काढल्यावर पत्र्याच्या झाकणाभोवती बरीच माती असते. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा तर झाकण उघडायच्या आधी आणि मग तो घरात नेऊन ठेवायचा. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात आणि तो वाफ स्वतःच आत ओढतो. टाकी उघडल्यावर फक्त ब्रश आणि फडकं.

लॉक रिंग (पंप टाकीत आवळून धरणारी कडी) गंजून घट्ट बसलेली असते. छन्नी-हातोडीने ठोकू नका, पोलादावर पोलाद आदळून ठिणगी उडते. पितळी दांडा किंवा कठीण लाकडाचा ठोकळा घेऊन कडेकडेने फिरवा. प्लास्टिकची रिंग असेल तर तिचा वेगळा पाना मिळतो. पंप वर काढताना त्याच्या वाडग्यात पाव ते अर्धा लिटर पेट्रोल असतं. सरळ उचलून सीटवर आडवा केलात तर सगळं स्पंजात जाईल आणि ते लवकर वाळत नाही. टाकीच्या तोंडावरच थोडा तिरका धरून निथळू द्या, फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) तार वाकवू नका, मग ट्रेमध्ये घेऊन बाहेर न्या. उघडं तोंड लगेच ओल्या जाड फडक्याने झाका.

जुना पंप चालतो का बघायला हवेत धरून बॅटरीला तारा लावू नका. टाकीत बुडलेला पंप पेटत नाही, कारण आत वाफ इतकी दाट असते की जळायला हवा पुरत नाही. बाहेर काढला की तो पेट्रोलने ओला असतो, हवा भरपूर मिळते आणि त्याच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या असतातच. तपासायचाच असेल तर मीटरने करंट आणि गेजने दाब, गाडीत बसवलेला असताना.

ओ-रिंग नवीन. बसवताना ग्रीस नको, पेट्रोलचं बोट फिरवलं की पुरतं.

पाइप_आणि_क्लिप
१४ वर्षं जुनी गाडी आहे तर रबरी पाइपांचे तुकडेही आत्ताच बदला. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या साध्या रबराला ते मानवत नाही. पाइप आधी फुगतो, मऊ होतो, मग वाळून भेगा पडतात. नवा घेताना पाइपवरच छापलेलं असतं ते वाचा: इंजेक्शनच्या गाडीला ‘एसएई जे३० आर९’ दर्जाचा. ‘आर६’, ‘आर७’ हे कार्बोरेटरच्या कमी दाबाचे. तसंच टाकीत बुडणाऱ्या तुकड्याला आर९ चालत नाही, तिथे ‘आर१०’ लागतो, कारण बाहेरूनही पेट्रोल असतं. दुकानदार मीटरच्या मापाने साधा काळा पाइप देतो, तो घेऊ नका.

खाचांच्या पट्टीची होज क्लिप जास्त आवळली की रबर कापते. गुळगुळीत आतल्या कडेची, नट-बोल्टवाली क्लिप घ्या.

गळती तपासताना: सगळं जोडून, पुसून, वास गेल्यावर फ्यूज आणि बॅटरी लावा. इंजिन चालू न करता किल्ली ऑन करून ३ सेकंद, ऑफ, असं चार वेळा. प्रत्येक वेळी पंप थोडा दाब भरतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा धरा, थेंब असेल तर लगेच दिसतो. मग इंजिन ५ मिनिटं चालवून पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे हवा.

चौथा_गिअर
वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमची गाडी थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल असेल तर इंजिनवरची जास्त दाबाची लाइन घरी सोडू नका. तिथे २०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, धार कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, पण तिला तातडीने शस्त्रक्रिया लागते. टाकीकडची कमी दाबाची बाजू चालेल.

घाटरस्ता
डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर ते काढतानाही हेच सगळे नियम. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण पेट्रोलसारखंच पेटतं. आणि किल्ली ऑनसुद्धा करायची नाही, पंप लगेच ओढायला लागतो.

लाल_सिलिंडर
आगीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. एबीसी पावडरचं ४ किलोचं अग्निशामक ठेवा, काटा हिरव्यात आहे ना बघून. गाडीजवळ नको, पळायच्या वाटेवर ५-६ मीटरवर. आग लागली तर जिथे ठेवलंय तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे. पिन ओढा, दोन-अडीच मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी, वारा येतो त्या बाजूला पाठ करून, झाडूसारखं फिरवत. घरच्या आकाराचं सिलिंडर काही सेकंदांतच संपतं, म्हणून पहिला मारा चुकवू नका. संपलं आणि आग आहेच, तर मागे फिरा, १०१ किंवा ११२. टाकीला आग पोचली असेल तर सिलिंडर उचलूच नका.

पाण्याची बादली पेट्रोलवर नको. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत जळत पुढे जातं. ट्रेमधल्या छोट्या आगीवर कोरड्या वाळूची बादली छान काम करते.

पाण्याचा नळ आणि पाइप मात्र माणसासाठी तयार ठेवा. भाजलं तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, त्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही, आणि १०८. अंगावर पेट्रोल सांडलं असेल तर कपडे आधी पाण्याने भिजवा, मग काढा. कोरडे खेचून काढताना ठिणगी पडू शकते. एकटं काम करू नका, दुसरं माणूस लांब उभं असू द्या आणि सिलिंडर कसं चालवायचं ते त्याला आधी दाखवा.

तेलकट_बाही
फडक्यांचं: कामानंतर पेट्रोलची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका आणि वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नको. दोरीवर सुटी सुटी, उघड्यावर, दिव्यापासून लांब वाळत घाला. सांडलेल्या पेट्रोलवर वाळू किंवा कोरडी माती टाका, तासाभराने गोळा करून उघड्यावर पसरा. गटारात पाण्याने ढकलायचं नाही. ते पुढच्या चेंबरमध्ये जाऊन साठतं आणि तिथे काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

पाना_बारा
बरंच काही कळलं. शेवटचं एक: टाकीतून काढलेलं पेट्रोल परत भरता येईल का? आणि टाकीला खाली गंज, बारीक पाझर दिसतोय. वेल्डिंग चालेल?

सीटखालचा_पंप
वेल्डिंग नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. पत्र्याच्या शिवणीत आणि गंजात मुरलेलं पेट्रोल गरम झालं की परत वाफ होते, दोनदा पाण्याने धुऊनही. टाकी बदला. बाहेरून लावायचा इपॉक्सी ही नवी टाकी मिळेपर्यंतची सोय.

काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत थोडं घेऊन अर्धा तास ठेवा. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली वेगळा थर करतात. थर, गढूळपणा, लालसर गंजाची पूड दिसली तर परत भरू नका आणि जुन्या ऑइलच्या डब्यातही मिसळू नका, ते तेल नंतर कुठेतरी तापवलं जातं. घातक कचरा उचलणाऱ्याशी करार असलेल्या वर्कशॉपला विचारून बंद कॅनमध्ये द्या. स्वच्छ असेल तर बारीक जाळीच्या नरसाळ्यातून परत टाकीत, पण त्याच दिवशी. पावसाळ्यात उघडा कॅन रात्रभर राहिला तर सकाळी बरणी पुन्हा भरून बघा.